एक हल, सहा नावं: रेसिंग यॉटची मालकी, नामांतर आणि चार्टर, नवख्यांसाठी

२८ डिसेंबर २०२३. सिडनीत सकाळचे आठ वाजले होते. ओट्यावरचा चहा गार होत होता आणि मी फोनच्या पडद्याला डोळे लावून बसलो होतो. तिकडे टास्मानियात, होबार्टच्या डरवेंट नदीत, शंभर-शंभर फुटांच्या दोन यॉट शेवटच्या रेषेकडे सरकत होत्या. सिडनीहून ६२८ सागरी मैल कापून आल्यावर लॉकनेक्टनं अँडू कोमांचीला अवघ्या ५१ सेकंदांनी मागे टाकलं. दुपारी रेवदंड्याला आईला फोन लावून मी हे सगळं एका दमात सांगितलं. तिनं एकच विचारलं, “बोट कुणाची रे?”

कोळीवाड्याला लागून आयुष्य काढलेल्या बाईचा तो साधा प्रश्न होता. तिच्या ओळखीत होडी ज्याची, तांडेलही बहुधा त्याच्याच घरातला, आणि होडीवर नाव त्याच्या आईचं, लेकीचं किंवा कुलदेवीचं. मला मात्र उत्तर द्यायला वीस मिनिटं लागली. कारण अँडू कोमांचीवर “अँडू” हे नाव आलं होतं ते भाड्याने घेणाऱ्यामुळे, आणि लॉकनेक्टचं ते सहावं नाव होतं.

हा लेख त्या वीस मिनिटांच्या उत्तरातून तयार झाला. ज्यांना या रेस नुसत्या बघताना गोंधळायला होतं, ज्यांना चार मित्रांत मिळून एखादी जुनी रेसिंग बोट घ्यायची आहे, किंवा पैसे भरून मोठ्या बोटीवर एका रेसपुरती जागा मिळवायची आहे, अशांसाठी तो आहे. मी स्वतः तिघा मित्रांबरोबर एका ३८ फुटी जुन्या रेसिंग बोटीत चौथ्या हिश्श्याचा भागीदार आहे. शंभर फुटी बोटी मी धक्क्यावरून पाहिल्या आहेत आणि त्यांची शिडं वाहायला कधीमधी खांदा दिला आहे. आकार वेगळा, पैसा फारच वेगळा, पण कागद दोन्हीकडे जवळपास तेच असतात. म्हणून एकदा मोठ्या बोटीवर हे समजलं की छोटीवर अडत नाही.

पहिली पायरी: चार माणसं वेगळी ओळखा

कुठल्याही मोठ्या रेसिंग यॉटमागे चार भूमिका असतात. कधी चारही एकाच माणसाकडे असतात, कधी चौघांकडे. एक, मालक: रजिस्टरमध्ये ज्याचं किंवा ज्याच्या कंपनीचं नाव आहे तो. दोन, चार्टरर: ठराविक काळासाठी बोट भाड्याने घेणारा. तीन, नाव देणारा: बहुतेक वेळा प्रायोजक कंपनी. चार, पाण्यावर जबाबदार असलेला माणूस, ज्याला नियमांच्या भाषेत पर्सन इन चार्ज म्हणतात. आपण त्याला स्किपर म्हणू.

कोमांचीवर हे फार स्वच्छ दिसतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात हॉजडन यॉट्सच्या कारखान्यात ती जिम क्लार्क आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टी हिंझ-क्लार्क यांच्यासाठी बांधली गेली, २०१४ मध्ये पाण्यात उतरली. स्किपर होते केन रीड. २०१५ साली तिनं सिडनी-होबार्ट रेसमध्ये लाइन ऑनर्स मिळवला, म्हणजे सर्वांत आधी रेषा ओलांडली. २०१७ च्या डिसेंबरात, रेस तोंडावर असताना, ती जिम कूनी आणि सॅमंथा ग्रँट यांनी विकत घेतली आणि एलडीव्ही कोमांची या नावानं १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंदांत पोहोचून विक्रम केला. २०२२ मध्ये जॉन विनिंग ज्युनियर यांनी ती चार्टरवर घेतली आणि आपल्या उद्योगसमूहातल्या अँडू या ब्रँडचं नाव पुढे लावलं. त्या वर्षीही तीच पहिली आली. २०२४ मध्ये मॅट ॲलन आणि जेम्स मेयो तिला चार्टरवर घेऊन उतरले, तेव्हा ती मास्टर लॉक कोमांची होती. मुख्य शीड निकामी झाल्यानं तिला रेस सोडावी लागली.

म्हणजे अँडू किंवा मास्टर लॉक वाचून बोट त्या कंपनीची आहे असं समजलात तर चुकलात. नाव पुष्कळदा एका मोसमापुरतं असतं.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. लाइन ऑनर्स आणि रेसचा एकूण विजेता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण विजेता आयआरसी या हँडिकॅप पद्धतीनं ठरतो: प्रत्येक बोटीच्या मोजमापांवरून तिला एक गुणक मिळतो, लागलेल्या वेळेला त्यानं गुणतात, आणि ज्याचा हा दुरुस्त वेळ सर्वांत कमी त्याला टॅटरसॉल कप. चाळीस फुटी बोटही शंभर फुटीला हरवू शकते. सामान्य खिशाच्या माणसाला या खेळात जागा आहे ती यामुळेच. १९४५ ची पहिली सिडनी-होबार्ट जिंकणारी, कॅप्टन जॉन इलिंगवर्थ यांची राणी, अवघ्या ३५ फुटांची होती. हो, राणीच, आपल्या कानाला ओळखीचं नाव. लाइन ऑनर्स आणि हँडिकॅप, दोन्ही तिनंच नेलं होतं.

दुसरी पायरी: हलची कुंडली काढा

बोट विकत घ्यायची असो की भाड्याने, सुरुवात नावापासून करू नका. हलपासून करा. हल म्हणजे बोटीचं मूळ शरीर. डोलकाठी, शिडं, सुकाणू, रंग, नाव हे सगळं बदलता येतं, हल तेवढा राहतो.

लॉकनेक्टचाच हल घ्या. न्यूझीलंडच्या कुकसन बोट्सनं, हुआन कुयूमजियान यांच्या आराखड्यावरून, ॲलेक्स जॅक्सन यांच्यासाठी तो बांधला. २००८ मध्ये बोट पाण्यात उतरली तेव्हा नाव होतं स्पीडबोट. त्याच वर्षी रिचर्ड ब्रॅन्सन यांनी तिच्यावरून अटलांटिक विक्रमाचा प्रयत्न केला, तेव्हा ती व्हर्जिन मनी झाली. मग जॉर्ज डेव्हिड यांनी ती चार्टरवर घेतली आणि नाव ठेवलं रॅम्बलर १००. १५ ऑगस्ट २०११ रोजी, फास्टनेट रेसमध्ये, आयर्लंडच्या दक्षिणेला फास्टनेट खडकाला वळसा घालून ती थोडी पुढे गेली आणि तिची कील, म्हणजे बोट सरळ ठेवणारा तळाखालचा जड पंख, तुटली. एवढी मोठी बोट काही क्षणांत उलटी झाली. एकवीस जण होते. सोळा जण उलट्या हलवर चढून बसले, त्यांना बाल्टिमोरच्या लाइफबोटीनं काढलं. पाच जण एकमेकांना धरून दोन तासांहून अधिक काळ पाण्यात वाहत होते, ते डायव्हिंगच्या एका बोटीला सापडले. सगळे वाचले.

हल परत मिळवला, दुरुस्त केला. ऑस्ट्रेलियात अँथनी बेल यांच्याकडे तो पर्पेच्युअल लॉयल झाला आणि २०१६ मध्ये सिडनी-होबार्टचा विक्रम त्याच्या नावे लागला: १ दिवस १३ तास ३१ मिनिटं २० सेकंद. तो विक्रम पुढच्याच वर्षी कोमांचीनं चार तासांहून जास्त फरकानं मोडला. नंतर ख्रिश्चन बेक यांनी बोट घेतली. त्यांच्याकडे ती आधी इन्फोट्रॅक आणि मग लॉकनेक्ट झाली. २०२३ ची ती ५१ सेकंदांची चुरस दोन विक्रमवीर हलमधली होती, पण नावं वाचून हे कुणालाही कळलं नसतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे बुडता बुडता वाचलेली बोट पहिली आली.” मला त्या दिवशी इतकं नेमकं सुचलं नव्हतं.

कुंडली काढताना काय बघायचं? आराखडा कुणाचा, बांधली कुठे, कुठल्या वर्षी: या तीन गोष्टी नावासोबत बदलत नाहीत. हलवर कोरलेला ओळख क्रमांक असतो, साधारणपणे मागच्या पाटीवर उजव्या कोपऱ्यात. त्याचा फोटो काढा आणि कागदांवरच्या क्रमांकाशी अक्षर अन् अक्षर जुळवा. शिडावरचा क्रमांक बघा, पण त्यावर विसंबू नका. देश बदलला की त्याची पहिली तीन अक्षरं बदलतात. जुनी रेटिंग प्रमाणपत्रं, म्हणजे हँडिकॅपच्या गुणकाचे कागद, मागा. त्यांत वजन, कीलची खोली, डोलकाठीची उंची लिहिलेली असते. दोन वर्षांच्या प्रमाणपत्रांत आकडे वेगळे दिसले तर मधल्या काळात काहीतरी कापलं किंवा जोडलं आहे.

आणि थेट विचारा: ही कधी तळाला घासली आहे का? कील कधी उतरवली होती का? दुरुस्ती कुणी केली, बिल आहे का? मे २०१४ मध्ये चीकी रफीकी नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. चौकशीत पुढे आलं ते असं, की पूर्वी ती अनेकदा तळाला टेकली होती आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांसह या सगळ्यानं कीलचा जोड कमजोर झालेला असू शकतो. व्यावसायिक वापराच्या प्रमाणपत्राची मुदतही संपलेली होती. चार घरं उजाड झाली. म्हणून कीलचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. विकणारा नाराज झाला तर होऊ दे.

सर्व्हेयर नेमायचा तो तुमच्या पैशानं, तुमच्या बाजूचा. कार्बन फायबरची बोट असेल तर कार्बनचं काम जाणणारा हवा, अल्ट्रासाउंडनं आतले थर सुटलेले शोधणारा. वरून चकचकीत रंग आणि आत सुटलेले थर, याला आपल्याकडे म्हण आहेच: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तिसरी पायरी: मालकी कागदावर कशी बसवायची

रेसिंग यॉट एकट्यानं घेण्यापेक्षा मिळून घेण्याची परंपरा जुनी आहे. ज्या स्कूनरच्या नावावरून अमेरिका कप आला, ती अमेरिका नावाची बोट १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांच्या साथीदारांच्या सिंडिकेटनं बांधून घेतली. आयल ऑफ वाइटभोवतीची शर्यत जिंकल्यावर काही दिवसांतच त्यांनी ती विकूनही टाकली. पुढच्या एका मालकाकडे ती कॅमिला झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात फ्लोरिडातल्या नदीत बुडवली गेली, उत्तरेच्या नौदलानं वर काढली, आणि पुन्हा अमेरिका झाली.

ब्रिटिश रजिस्टरच्या पहिल्या भागात आजही जहाजाचे ६४ हिस्से धरतात. चौघे असाल तर प्रत्येकी १६. मोठ्या बोटी बहुधा एका कंपनीच्या नावावर असतात आणि माणसं त्या कंपनीचे भागधारक असतात. केमन बेटं, माल्टा, मार्शल बेटं हे झेंडे धक्क्यावर दिसतात त्यामागे कर, जबाबदारीची मर्यादा आणि चार्टरचे नियम असं सगळं गणित असतं. नवख्यानं हा निर्णय वकिलाशिवाय घेऊ नये. एक उदाहरण देतो: युरोपीय संघाबाहेर नोंदलेली, बाहेरच राहणाऱ्या मालकाची खासगी बोट तिथल्या पाण्यात व्हॅट न भरता साधारण १८ महिने राहू शकते. मुदत चुकली किंवा बोट तिथेच भाड्याने फिरवली तर पूर्ण कर अंगावर येऊ शकतो.

विक्रीच्या दिवशी हातात पडायला हवं ते बिल ऑफ सेल, आणि त्याआधी रजिस्टरचा ताजा उतारा. आपण जमीन घेताना सातबारा बघतो ना, अगदी तसंच. गहाण आहे का ते त्यात दिसतं. ऑस्ट्रेलियात तारणांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही शोध घ्यायचा. काही डॉलरमध्ये होतो आणि मोठी झोप वाचवतो.

पण एक धोका कुठल्याच उताऱ्यात दिसत नाही. खलाशांचा थकलेला पगार, समुद्रात वाचवणाऱ्याचं सॅल्व्हेज, धडकेची नुकसानभरपाई: सागरी कायद्यात ही देणी माणसाला नाही, बोटीला चिकटतात. मालक बदलला, नाव बदललं, तरी ती हलबरोबर येतात. न्यायालय बोटीला अटक करू शकतं. परंपरेनं तो हुकूम डोलकाठीवर लावत. तेव्हा करारात विक्रेत्याकडून लिहून घ्या की बोट सर्व देण्यांपासून मुक्त आहे आणि तसं नसेल तर भरपाई त्याची. शिवाय धक्क्यावर, शिडं शिवणाऱ्याकडे, क्रेनवाल्याकडे जाऊन सरळ चौकशी करा, बाकी आहे का म्हणून. लोक सांगतात.

खर्चाबद्दल लोक मला सर्वांत जास्त विचारतात, म्हणून सांगतो: साध्या फिरायच्या बोटीला वर्षाला किमतीच्या दहाव्या भागाएवढा खर्च हा रूढ अंदाज आहे. रेसिंग बोटीला तो पुरत नाही. शिडं कपड्यासारखी वर्षं नाही, तास मोजून म्हातारी होतात. दोर, विंच (दोर ओढायचे रहाट), हायड्रॉलिक्स, तळाचा रंग, जहाजावर लादून दुसऱ्या खंडात नेणं, व्यावसायिक खलाशांची रोजची फी, त्यांचं राहणं-जेवण. कोमांचीची डोलकाठी दीडशे फुटांच्या आसपास आहे. ती नुसती उतरवायची म्हटलं तरी मोठं काम आणि मोठी क्रेन.

विम्यात एक ओळ शोधा. साध्या पॉलिसीत रेस चालू असताना डोलकाठी, शिडं आणि रिगिंग (डोलकाठी-शिडांच्या तारा आणि दोर) यांचं नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी रेसिंगची वेगळी जोड घ्यावी लागते आणि तिथे आपल्या खिशातून भरायची रक्कम मोठी असते. आमच्या चौघांच्या करारात सर्वांत आधी हेच लिहिलं आहे: ती रक्कम कोण, किती भरणार. त्यानंतर: एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर हिस्सा कसा मोजायचा, आणि डिसेंबरचे दिवस कुणाचे. मैत्री पक्की आहे म्हणून कागद टाळू नका. मैत्री टिकावी म्हणून तो करा.

चौथी पायरी: नाव बदलणं

जुने दर्यावर्दी नाव बदलायला घाबरतात. त्यांच्यात समजूत अशी, की समुद्रदेवाच्या वहीत प्रत्येक बोटीचं नाव टिपलेलं असतं. त्याला न विचारता बदललं तर तो रागावतो. म्हणून आधी जुनं नाव सगळीकडून पुसायचं, लॉगबुकपासून किल्लीच्या साखळीपर्यंत, मग समुद्राला मद्य अर्पण करून जुनं नाव विसरायची विनंती करायची, आणि मगच नवं नाव आणायचं. मला ही चाल मनापासून आवडते. आम्ही तिच्यात आपला नारळ घातला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी, इथल्या ऑगस्टच्या थंडीत, चौघांनी पाण्यात नारळ सोडला आणि बोट गौरी झाली.

त्या विधीत एक व्यवहाराचं शहाणपण लपलेलं आहे: जुनं नाव खरोखर सगळीकडून काढावं लागतं. मागच्या पाटीवरची विनाइलची अक्षरं काढायला हेअर ड्रायरसारखी गरम हवेची बंदूक लागते. अक्षर हळूहळू मऊ होतं, एका टोकातून नखानं उचलायचं आणि सपाट कोनात ओढत न्यायचं. घाईनं वर खेचलं तर तुकडे पडतात आणि खालचा गोंद राहतो. आमच्याकडे अक्षरं निघाली, गोंद निघाला, तरी जुनं नाव वाचता येतच होतं. आजूबाजूचा निळा रंग अकरा वर्षांच्या उन्हानं फिका झाला होता आणि अक्षरांखालचा तसाच गडद राहिला होता. पॉलिश करून करून बोटं सुजली. तरीही सकाळच्या तिरप्या उन्हात ते नाव अजून उमटतं. धक्क्यावर मोठ्या बोटींच्या पाठीही अशा उजेडात बघा. मागच्या मोसमाचा प्रायोजक कधीकधी तिथे दिसतो.

नाव निवडताना आधी ते रेडिओवर म्हणून बघा. आमची पहिली पसंती होती समुद्रतरंगिणी. वादळात, ओल्या हातानं माइक धरून, एकेक रोमन अक्षर सिएरा, अल्फा, माइक करत सांगायचं म्हणजे किती वेळ जाईल, ते एकानं किनाऱ्यावरच म्हणून दाखवलं आणि आम्ही ते सोडून दिलं. गौरी पाच अक्षरांत संपतं. सिडनी-होबार्टमध्ये बास सामुद्रधुनीत शिरण्याआधी ग्रीन केपपाशी प्रत्येक बोटीला रेडिओवरून कळवावं लागतं, की आम्ही आणि आमची बोट पुढे जायला ठीक आहोत. तिथे नाव दोनदा सांगावं लागू नये. रजिस्टरवालेही संकटाच्या संदेशाशी गोंधळ होईल असं किंवा आधीच दुसऱ्या बोटीनं घेतलेलं नाव नाकारतात. मंजुरी हातात येईपर्यंत अक्षरं कापायला देऊ नका.

त्यानंतरचा क्रम असा ठेवा. आधी रजिस्टर. मग विमा, कारण पॉलिसीवर जुनं नाव असेल तर दाव्याच्या वेळी वाद होतो. मग रेडिओचा परवाना आणि एआयएस यंत्रातलं (आसपासच्या बोटींना आपली ओळख आणि जागा कळवणारं) नाव. झेंडा बदलला असेल तर एआयएसचा ओळख क्रमांकही बदलतो. मग रेटिंग. आयआरसीत मालक बदलला की जुनं प्रमाणपत्र आपोआप रद्द होतं, तेव्हा रेसच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा त्याच दिवशी अर्ज टाका. लाइफजॅकेट, लाइफबॉय, लाइफराफ्टची पिशवी यांवरचं नाव. आणि ईपर्ब.

ईपर्बबद्दल जरा थांबून लिहितो. हा उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारा डबा. संदेशात त्याचा क्रमांक जातो, आणि शोधणारे त्या क्रमांकावरून नोंदवही उघडून बोटीचं नाव, रंग, मालकाचा फोन बघतात. ऑस्ट्रेलियात ही नोंद सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे फुकट होते, दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. आम्ही सगळं बदललं आणि हे विसरलो. एका शनिवारी बोट धुताना डबा चुकून सुरू झाला. फोन गेला तो आधीच्या मालकाला. तो वयस्कर माणूस तेव्हा रुग्णालयात बायकोच्या उशाशी बसला होता. त्यानं आमचा नंबर शोधून दिला म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. खऱ्या वादळात, तो फोन उचलू शकला नसता तर, शोधणारे वेगळ्या नावाच्या, वेगळ्या रंगाच्या बोटीच्या मागे गेले असते. त्या संध्याकाळी मी त्याची माफी मागायला गेलो होतो. भारतात बोट ठेवत असाल तर ही नोंद बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्राकडे असते. बोट घेतल्याच्या दिवशीच करा.

प्रायोजकाचं नाव लावायचं असेल तर वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या खेळाच्या जागतिक संघटनेचे जाहिरातीचे नियम आणि त्या रेसची नोटीस वाचा. हलचा पुढचा भाग आयोजक स्वतःच्या प्रायोजकासाठी मागू शकतात. प्रायोजकाच्या नावात कमीपणा काही नाही. अभिलाष टॉमी यांनी २०२२ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब रेससाठी घेतलेल्या ३६ फुटी बोटीवर बायानात हे प्रायोजकाचंच नाव होतं, आणि तिच्यावरून एकट्यानं जगाला फेरी मारून ते दुसरे आले. त्याआधीच्या रेसमधली त्यांची तुरीया गोव्यात बांधली होती. त्याच गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात आकाराला आलेल्या म्हादेईला नदीचं नाव मिळालं, आणि कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. बायानात आणि म्हादेई, दोन्ही नावं मला तितकीच मोलाची वाटतात.

पाचवी पायरी: चार्टर

भाड्याने घेण्याचे तीन प्रकार आहेत. बेअरबोट: नुसती बोट तुमच्या ताब्यात, माणसं तुमची, जबाबदारीही तुमची. दुसरा: पूर्ण बोट, तिच्या कायमच्या व्यावसायिक खलाशांसह, एका रेससाठी किंवा मोसमासाठी. मोठ्या बोटी बहुधा अशाच मिळतात, कारण अनोळखी हातात इतकं यंत्र द्यायला मालक धजत नाही. तिसरा: एक जागा. तुम्ही एका माणसाचे पैसे भरता, सराव करता आणि खलाशी म्हणून रेस करता. नवख्यानं इथूनच सुरू करावं.

जागा घेताना पहिला प्रश्न पैशाचा नसावा. बोटीला पैसे घेऊन माणसं न्यायचं व्यावसायिक प्रमाणपत्र आहे का, आणि ते आज चालू आहे का, हे आधी विचारा आणि कागद डोळ्यांनी बघा. निव्वळ रेसिंगसाठी बांधलेल्या बोटी युरोपच्या उत्पादन नियमांतून वगळलेल्या असतात, म्हणून काहींवर तिथला शिक्काच नसतो. अशी बोट भाड्याने द्यायची तर वेगळी तपासणी लागते. मग विचारा, विमा रेसला आणि पैसे भरून आलेल्या खलाशांना लागू आहे का. उत्तर लेखी घ्या.

करारात मी ज्या ओळी शोधतो त्या अशा. बोट रेसआधीच मोडली, किंवा आयोजकांनी रेस रद्द केली, तर पैसे परत किती? मी एकदा एका छोट्या चार्टरवाल्याकडे आगाऊ रक्कम भरली होती, सरावात बोटीची डोलकाठी मोडली आणि करारात त्याबद्दल एक शब्द नव्हता. पैसे गेले. रेस सुरू झाल्यावर माघार घेतली तर परतावा सहसा मिळत नाही, आणि तो मिळावा असा हट्टही नसावा. स्किपरनं पैशाकडे बघून पुढे जायचं ठरवू नये. अनामत रकमेतून काय कापलं जाईल? साधारण झीज, फाटलेलं शीड, पाण्यात पडलेला विंचचा दांडा: प्रत्येकाचं वेगळं लिहा. पूर्ण बोटीच्या चार्टरमध्ये बहुधा अर्धे पैसे सही करताना आणि अर्धे ताब्याआधी जातात. इंधन, धक्का, जेवण यांची आगाऊ रक्कम वेगळी, तिचा हिशेब शेवटी पावत्यांसह मागायचा.

नाव बदलायची परवानगी, अक्षरं लावण्याचा आणि काढण्याचा खर्च, हलच्या रंगाला धक्का लागला तर काय, हेही चार्टरच्याच करारात येतं. चषक कुणाच्या कपाटात जाणार, विक्रम कुठल्या नावानं नोंदला जाणार, तेही. २०१७ मध्ये वाइल्ड ओट्स इलेव्हननं रेषा आधी ओलांडली होती, पण सुरुवातीलाच कोमांचीच्या फार जवळ वळण घेतल्याबद्दल ज्यूरीनं तिला एक तासाचा दंड दिला आणि लाइन ऑनर्स कोमांचीला गेला. असा निषेध नोंदवायचा की नाही हे मालक ठरवणार की चार्टरर, हा प्रश्न धक्क्यावर पोहोचून सोडवता येत नाही.

काही वर्गांत, म्हणजे एकाच प्रकारच्या बोटींच्या गटांत, सुकाणू मालकानेच धरावं असा नियम असतो. चार्टरर तिथे मालक धरला जातो का, ते वर्गाच्या नियमांत बघा.

सहावी पायरी: रेसला उतरणं आणि बोट परत देणं

समुद्रातल्या मोठ्या रेसना बोटीइतकीच माणसांची पात्रता लागते. सिडनी-होबार्टसाठी निदान अर्ध्या खलाशांनी समुद्रात तग धरण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. ते फार आधी उरका. पोहण्याच्या तलावात, अंगावर पूर्ण कपडे आणि फुगलेलं लाइफजॅकेट घालून उलटा राफ्ट सरळ करायचा असतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा राफ्ट माझ्याच अंगावर आला आणि क्षणभर वर-खाली काही कळेना. शिक्षिकेनं आधीच सांगून ठेवलं होतं, हात वर करून कापड ढकल आणि पाठीवर सरक. ते आठवलं.

शर्यतीच्या नियमपुस्तकातला तिसरा नियम पाठ करा: रेसला उतरायचं की नाही, सुरू ठेवायची की नाही, हा निर्णय फक्त बोटीचा. मालकाचा फोन, प्रायोजकाचं नाव, भरलेले पैसे यांतलं काही त्यात येत नाही. २०२४ च्या सिडनी-होबार्टमध्ये पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या बोटींवर दोन खलाशी गेले, दोघेही अनुभवी.

ताबा घेताना आणि परत देताना एकच यादी वापरा आणि दोन्ही वेळा दोघांच्या सह्या घ्या. प्रत्येक शीड उघडून बघा, फोटो काढा. परत देण्याआधी शिडं आणि विंच गोड्या पाण्यानं धुवा, बिल्जचं, म्हणजे बोटीच्या आत तळाशी साचलेलं, पाणी काढा, फ्रिज उघडा ठेवा. तळाला काही लागलं असेल तर ते बारीक असलं तरी सांगा. पुढच्या खेपेला त्या कीलवर दुसरी माणसं असतील. विनाइल काढायचं असेल तर परतीच्या दिवशी नको, आदल्या दिवशी दुपारी, हल उन्हानं कोमट असताना काढा. अक्षरं तेव्हा सोपी सुटतात.